उनाले समुद्र कशाले पायजे?

भाचा ठाण्याला असतो. दर नाताळच्या सुट्टीत चार दिवस आमच्या नागपूर पट्ट्यातल्या बोरगावला येतो आणि पाचव्या दिवशी गोव्याची गाडी धरतो. मागच्या खेपेला दुपारी मी अंगणात बाज टाकून, सदरा काढून, पाठीवर ऊन घेत पालथा पडलो होतो. चहाचा कप घेऊन तो बाहेर आला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "मामा, सनबाथ घ्यायचा तर बीचवर. इथं ना पाणी ना वारा, नुसते भाजून निघाल." मी काही बोललो नाही. भिंतीपलीकडे शेजारच्या काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या, त्यांनी मात्र ऐकलं. "काऊन रे बापू, उनाले समुद्र कशाले पायजे? ते काय पोहाले चाललं?"

काकूंच्या प्रश्नाला भाच्याकडे उत्तर नव्हतं. बोलणारा तो एकटाच असता तर मीही विषय सोडून दिला असता. पण ऊन अंगावर घ्यायचं म्हणजे वाळू, लाटा आणि रंगीत छत्री, हे आता शिकल्यासवरल्या मराठी घरात इतकं गृहीत धरलं जातं की त्यावर बोलायलाच हवं. ज्याच्या गावाला समुद्र नाही, ज्याची नदी फेब्रुवारीपासूनच वाळूचा पट्टा होते, त्यानं उन्हापासून फक्त पळायचं, आणि ऊन घ्यायचंच असेल तर तिकीट काढायचं! पांढुर्णा-सौंसरच्या माणसानं हे निमूटपणे मान्य करण्याचं काही कारण मला दिसत नाही.

आधी पाण्याचा मुद्दा घेऊ. भाच्याच्या बोलण्याचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. पाणी जवळ असलं की गार वाटतं, हा त्याचा अनुभव खोटा नाही. त्याचा अर्थ मात्र त्यानं उलटा लावला आहे. आमच्या ओसरीत एक माठ आहे, बुडाखाली ओली वाळू, तोंडावर पितळी झाकण. एप्रिलच्या दुपारी त्यातलं पाणी दाताला लागेल इतकं गार असतं. तोच माठ रत्नागिरीला नेऊन ठेवा. पाणी जेमतेम कोमट व्हायचं थांबेल, गार होणार नाही. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तरच ते उडतं. हवेतच पाणी भरलेलं असेल तर ते जाणार कुठं? आपल्या नागपूर पट्ट्यात दर घराच्या खिडकीला कूलर लटकतो आणि मुंबईत कूलर विकत घेणाऱ्याला लोक हसतात, त्याचंही कारण हेच.

माणूसही माठच आहे. घामाचा एक लिटर अंगावरून उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मुद्दा हा की तो उडायला हवा. ओघळून चादरीवर पडला तर काही उपयोग नाही. हवामानवाले थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पाहतात, त्यातून घाम अंगाला कुठवर गार करू शकेल याचा अंदाज येतो. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के, म्हणजे आमच्याकडची मेमधली दुपार, तेव्हा हे ओलं फडकं सुमारे २२ अंश दाखवतं. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के, म्हणजे किनाऱ्यावरची मेमधली दुपार, तेव्हा तेच फडकं सुमारे २८ वर अडतं. समुद्र माणसाला गार करतो तो आत डुबकी मारली की. काठावर पडून राहिलात तर तोच समुद्र तुमचा घाम वाळू देत नाही. म्हणून तर बीचवरचा माणूस दर दहा मिनिटांनी उठून पाण्यात जातो. त्याला तो समुद्राचा आनंद म्हणतो. मला त्यात चिकचिकाट धुवायची घाईच जास्त दिसते.

हा निव्वळ युक्तिवाद वाटत असेल तर १६ एप्रिल २०२३ आठवा. नवी मुंबईतलं खारघर, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, लाखोंचा जनसमुदाय. तापमान ३८ अंशांच्या आसपास. विदर्भात ३८ ला कोणी पंख्याचा वेगसुद्धा वाढवत नाही. त्या दिवशी तिथं उष्माघातानं १४ माणसं गेली. खाडी फार लांब नव्हती आणि हवेत पाणी भरपूर होतं. डोक्यावर सावली नव्हती आणि घाम सुकत नव्हता. माणूस उन्हात किती टिकेल हे ठरवताना पाण्याचा काठ फार खालच्या क्रमांकाला येतो. सावली, कोरडी हवा, किती वेळ बसलात आणि प्यायला किती मिळालं, हे त्याच्या कितीतरी आधी.

आता भाच्याच्या बाजूनं जे खरं आहे ते कबूल करतो, नाहीतर तो म्हणेल मामा वकिली करतो. कोरडं ऊन सज्जन नाही. नागपुरानं २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिले आहेत आणि त्या झळा सौंसरच्या वेशीवर थांबल्या नव्हत्या. हवा ३५ अंशांच्या वर गेली की वाराही शत्रू होतो, कारण कातडी तेवढ्याच तापमानाला असते. मग वारा उष्णता नेत नाही, आणून देतो. त्या वाऱ्याला कोणी झाव म्हणतं, कोणी लू, आणि तो अंगाला लागू नये म्हणून मोटरसायकलवाल्यापासून कॉलेजातल्या पोरीपर्यंत सगळे तोंडाला दुपट्टा बांधतात. दुसरी गोष्ट याहून फसवी. कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, येतो तसा उडतो. किनाऱ्यावरच्या माणसाला शर्ट भिजला की कळतं, आपल्याला डोकं जड झाल्यावर. तासाला लिटरभर पाणी अंगातून जाऊ शकतं आणि कपडे कोरडेच. म्हणून पाण्यापासून लांब बसा याचा अर्थ तांब्यापासून लांब बसा असा कोणी काढू नये. उशाशी तांब्या हवाच, त्यात चिमूटभर मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं असेल तर उत्तम. खिशात कांदा ठेवणाऱ्यांना माझा नमस्कार. तो कांदा भाकरीबरोबर खाल्ला असता तर निदान जेवण तरी रुचकर झालं असतं.

मेमधल्या दुपारी उघड्यावर पडून राहा असं म्हणण्याइतका मी खुळा नाही. माझं म्हणणं आमच्या हिवाळ्याबद्दल आहे, आणि इथंच भाच्याचा मुद्दा पुरता कोसळतो. डिसेंबरात बोरगावची पहाट दहा-बारा अंशांवर असते, कधी त्याच्याही खाली. दुपार २७-२८ वर. आकाश धुतल्यासारखं, हवा कोरडी. उन्हात पडलं तर पाठ उबदार आणि श्वास गार. त्याच आठवड्यात गोव्यात दुपार बत्तिशीच्या आसपास आणि हवा दमट. दोनपैकी ऊन घ्यायची जागा कोणती, हे सांगायला हवामान खात्याची गरज नाही.

गार हवेतलं ऊन ही काही माझ्या अंगणातली कल्पना नाही. ज्या युरोपकडून भाच्याला सनबाथ हा शब्द मिळाला, तिथं उन्हाचा औषध म्हणून जो सगळ्यात गाजलेला प्रयोग झाला, तो समुद्रावर झालाच नाही. ऑगस्त रोलिये नावाच्या स्विस डॉक्टरनं १९०३ मध्ये आल्प्समधल्या लेझां या गावात दवाखाना काढला. हे गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून बरंच उंच, आजूबाजूला बर्फ, आणि तिथं हाडांच्या क्षयाचे रोगी उघड्या गच्चीवर खाटा टाकून ऊन घेत. त्याच वर्षी नील्स फिन्सेन या डॅनिश डॉक्टरला प्रकाशकिरणांनी त्वचेचा क्षय बरा करण्याबद्दल नोबेल मिळालं. रोलियेची शिस्त कडक होती. पहिल्या दिवशी फक्त पावलं, तीही पाचच मिनिटं. दुसऱ्या दिवशी पावलं दहा आणि गुडघ्याखालचे पाय पाच मिनिटं. असं पायाकडून वर सरकत कित्येक दिवसांनी छातीपर्यंत पोचायचं, डोक्यावर पांढरी टोपी कायम, आणि उन्हाळ्यात सकाळी लवकर, हवा तापायच्या आत. पुढे प्रतिजैविकं आली, क्षयासाठी लोक गोळ्या घेऊ लागले आणि ते दवाखाने ओस पडले. त्या इलाजाचा जीव संपला असेल, पण ऊन अंगावर घ्यायची ती रीत अजूनही चुकीची ठरलेली नाही.

आपल्याकडेही हे कोणी नव्यानं शोधायला नको. गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान महालात कैदेत असताना आरोग्याबद्दलचं जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात माती, पाणी, हवा यांच्याबरोबर उन्हालाही जागा आहे. ते ज्या सेवाग्रामहून गेले, ते वर्ध्याजवळ, आमच्याच हवेच्या पट्ट्यात. १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम उभा केला, तोही घाटावर. समुद्र दोन्हीकडे नव्हता.

आता तोंड घरच्यांकडे वळवतो, कारण भाच्याला बोललो म्हणून घरचे सुटले असं होऊ नये. आमच्या भागात निम्मे लोक ऊन शेकतात आणि निम्मे धूप तापतात, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. औषधी ऊन म्हणजे सकाळचं कोवळं ऊन. सात वाजता अंगणात बसा, ड जीवनसत्त्व मिळतं. हे डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं आहे. सकाळच्या उन्हानं मन प्रसन्न होतं, झोपेचं घड्याळ नीट लागतं, आखडलेले गुडघे मोकळे होतात, हे सगळं खरं. ड जीवनसत्त्व मात्र त्यातून जवळजवळ मिळत नाही. कातडीत ते तयार करणारे किरण सूर्य कलता असताना वातावरणातच गाळले जातात. खिडकीच्या काचेतूनही ते येत नाहीत, म्हणून बंद काचेमागे खुर्ची टाकून पेपर वाचणारे आजोबा फक्त ऊब घेत असतात.

याची खूण सोपी आहे. उभं राहा आणि आपली सावली बघा. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर त्या उन्हात ते किरण फार थोडे. सावली आखूड झाली की ते भरपूर येऊ लागतात. ही खूण मी भाच्याला सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे सव्वानऊच्या सुमाराला सावली उंचीएवढी होते, तेव्हा हवा अजून सुसह्य असते. दहा मिनिटं तेवढ्यात घेऊन घरात शिरावं. मेच्या शेवटी दुपारी सव्वाबाराला सूर्य इतका माथ्यावर येतो की सावली पायाखाली गडप होते. ती वेळ झोपायची. हिवाळ्यात उलटं. तेव्हा सकाळी सातला लांबलचक सावल्या पडतात, आणि ऊन घ्यायचं ते साडेअकरा ते एक. म्हणजे थंडीत आपण जे ऊन 'भर दुपारचं' म्हणून टाळतो तेच कामाचं, आणि पहाटे शालीत गुरफटून ज्याची वाट बघतो ते नुसतं शेकोटीचं धाकटं भावंड. सावळ्या कातडीला गोऱ्यापेक्षा वेळ जास्त लागतो, तेव्हा पाच मिनिटांत भागलं असं समजू नये, आणि सोसतं म्हणून दीड तासही पडू नये.

इथंच एक सावधगिरी, जी मला माझ्याच बाजूविरुद्ध सांगावी लागते. कातडी भाजणारे किरण गरम लागत नाहीत. गार हवेत ऊन छान वाटतं म्हणून माणूस पडून राहतो आणि संध्याकाळी मान चुरचुरते. लेझांच्या रोग्यांना तर बर्फावरून परत फिरलेलं ऊनही लागत असे, कारण ताजं बर्फ असे किरण ८० टक्क्यांपर्यंत परतवतं. कोरडी वाळू १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे इथंही भाच्याचा बीच बोरगावच्या शेणानं सारवलेल्या अंगणापेक्षा जास्तच भाजतो. वर समुद्राचा वारा अंगाला लागत राहतो आणि भाजतंय ते कळूही देत नाही.

माझ्या सगळ्या बोलण्यावर सगळ्यात जड आक्षेप भाच्याचा नव्हता, काकूंचा होता. त्या म्हणाल्या, "आमाले रोजच ऊन हाये. कापूस येचाले ये एक दिवस, मंग सांग ऊन घ्या म्हणून." यावर मान खाली घालणं एवढंच माझ्या हाती होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरकीत उभं राहणाऱ्या बाईला ऊन घ्या म्हणून सांगणं हा आगाऊपणा आहे. पण तिच्याकडे नीट बघा. लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा, डोकं, कान, गाल दुपट्ट्यात, उघडे फक्त डोळे आणि बोटं. उन्हात दिवसभर राहूनही अंगाला ऊन न लागू देण्याची ती रीत तिनं पाण्याचा थेंब जवळ नसताना शोधली आहे आणि कुठल्याही रिसॉर्टच्या छत्रीपेक्षा ती पक्की आहे. ढगळ सुती कापडाखाली हवा खेळते, घाम तिथंच उडतो, कापड तापलं तरी कातडी तापत नाही. तिच्याकडून शिकायचं ते हे. तिला शिकवायचं काही असेल तर मालकाला शिकवा, की दुपारी बारा ते तीन मजुराला बांधावरच्या निंबाखाली बसू दे आणि प्यायच्या पाण्याचा माठ धुऱ्यावर नको, पिकाच्या तासाजवळ ठेव.

ऊन कमी पडतं ते दुसऱ्यांना. औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून दिवसा खोली अंधारी करून झोपणारे, सकाळी बंद बसमध्ये आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली असणारी शाळेतली पोरं, दुकानाच्या गल्ल्यावर बसलेले, खाटेला खिळलेले म्हातारे. आणि बाया. बाईला अंगणात सदरा काढून पडता येत नाही, हे माझ्या लेखातलं मोठं भोक आहे, ते मी बुजवू शकत नाही. पण गच्चीवर कुरडया-पापडाचं वाळवण राखायला बसणं, न्हाऊन केस वाळवणं, हे बायांचं जुनं ऊन आहे. कूलर आणि ड्रायरनं ते हळूहळू हिरावून घेतलं. काळी पडशील म्हणून पोरीला घरात ओढणारी आई त्याला हातभार लावते. रंगाचं हे वेड समुद्राच्या वेडाहून जुनं आणि जास्त नुकसान करणारं आहे. त्याला उत्तर द्यायला वेगळा लेख लागेल आणि माझा राग तेवढा आवरणार नाही.

बाज कशी टाकावी, हे तेवढं सांगतो. सुतळीनं विणलेली असावी, म्हणजे खालून हवा लागते. प्लास्टिकच्या पट्ट्यांची पाठीला चिकटते आणि गादी टाकली की घाम अडकतो. स्लॅबवर नको. सिमेंट खालून भाजतं. माती किंवा सारवलेलं अंगण बरं. डोक्याकडची बाजू निंबाच्या, नाहीतर घरच्या छपराच्या सावलीत, पाय उन्हात. रोलियेनं पाच मिनिटांनी जे साधलं ते खाट दीड हात सरकवून साधतं. संत्र्याच्या बागेत बघितलं असेल, पश्चिमेकडची फळं आधी करपतात, कारण सकाळपासून तापलेल्या हवेत वरून तिरपं ऊन लागतं. तेव्हा दुपार कलली की बाज उचलावी. मानेला पंचा गुंडाळावा, वाटीभर पाण्यात बुडवून पिळलेला. आमच्या कोरड्या हवेत ती वाटी जे काम करते ते दमट किनाऱ्यावर बादलीनं होत नाही.

आणि संत्र्यावरून आठवलं. डिसेंबरात आमचे बागाईतदार आंबिया बहारासाठी झाडांना ताण देतात. विहिरीला पाणी असूनही महिना-दीड महिना ओलीत बंद, बाग उन्हात सुकत उभी. पानं मलूल होतात, नवख्याला वाटतं बाग गेली. मग जानेवारीत पाणी सोडलं की फुलांचा वास वस्तीपर्यंत येतो. भाच्याला ही बाग दाखवायला नेलं तेव्हा त्यानं पाण्याचा पंप का बंद आहे असं विचारलं. काकू सोबत होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता पुढं चालू लागल्या.

यंदा २२ डिसेंबरला तुम्ही बोरगाव, सौंसर, पांढुर्णा यांच्या आसपास कुठंही असाल तर दुपारी सव्वाबाराला अंगणात उभे राहा. त्या क्षणी तुमची सावली बरोबर तुमच्या उंचीएवढी पडेल. बाज तिथंच टाका.